पाचवा नग

चार माणसांच्या टेबलावर पाच नगांची प्लेट येते. प्रत्येकाने एकेक उचलला की मध्ये एक उरतो. त्या उरलेल्या नगाकडे कोणी पाहत नाही, आणि लक्ष मात्र सर्वांचे तिकडेच असते. धाकट्याला द्यावा तर मोठ्याचा चेहरा उतरतो. अर्धा करावा तर उरलेल्या दोघांचे काय? तसाच सोडून उठावे, तर अन्न टाकू नये या संस्कारात वाढलेल्याचे मन तयार होत नाही. शेवटी कोणीतरी म्हणते, "अजून एक प्लेट सांगा." पाटी लिहिणाऱ्याला हेच वाक्य हवे असते.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याची ओळख तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आणि रेमंडच्या डेनिम कारखान्यामुळे आहे. पाळी सुटल्यावर टपरीपाशी उभ्याने खाणाऱ्या कामगाराला हे कोडे पडत नाही. समोसा, कचोरी, आलूबोंडा त्याला नगावर मिळतो आणि भजी वजनावर. एक हवा तर एक, दोन हवे तर दोन. पण 'कॉम्बो', 'मील', 'फॅमिली पॅक' हे शब्द महानगरांतून जिल्ह्याच्या गावी पोहोचायला फार काळ लागला नाही. अशा पाटीवर तीन, पाच, सात किंवा नऊ नगांची किंमत एकत्र लिहिलेली असते आणि सुट्या एका नगाची किंमत विचारल्याशिवाय कळत नाही. कापड, किराणा, धान्य किंवा सराफी यांत पिढ्या घालविलेल्या कुटुंबाने या पाटीकडे गिऱ्हाईक म्हणून पाहण्याआधी व्यापारी म्हणून पाहिले, तर तिचे गणित लवकर उलगडते.

दोघांना सहा नगांची एक प्लेट पुरते. प्लेट पाचांची असेल तर बरोबरीच्या वाटणीसाठी दोन घ्याव्या लागतात. चौघांना सहा नगांच्या दोन प्लेटींत प्रत्येकी तीन नग येतात. मात्र प्लेट तीनची असो, पाचची, सातची वा नऊची, चौघांत तिची समान वाटणी चार प्लेटींशिवाय होतच नाही, कारण कोणत्याही विषम संख्येचा चाराशी एकाखेरीज सामाईक विभाजक नसतो. आई, वडील आणि दोन मुले हा आजच्या कुटुंबाचा सर्वसाधारण आकार आहे, हे विक्रेत्याला ठाऊक असते. चार प्लेटी अर्थातच कोणी मागवीत नाही. परंतु दुसरी मागविण्याचे निमित्त पहिल्या प्लेटीतच ठेवलेले असते.

दुसरे गणित किमतीचे. समजा, चार नग ७५ रुपयांना, पाच नग ८९ रुपयांना आणि नऊ नग १४९ रुपयांना आहेत. एका नगाला अनुक्रमे १८ रुपये ७५ पैसे, १७ रुपये ८० पैसे आणि सुमारे १६ रुपये ५६ पैसे पडतात. काउंटरसमोर रांगेत उभा असलेला माणूस हा भागाकार करीत बसत नाही. त्याला एवढेच दिसते की पाचांवरून नवांवर गेले की चार नग ६० रुपयांत, म्हणजे १५ रुपयांना एक असे पडतात. तो बचत केल्याच्या समाधानाने ८९ ऐवजी १४९ रुपये देतो. एका नगाचा कच्चा माल सहा रुपयांचा धरला, तर दुकानदाराला पाचांच्या प्लेटीवर ५९ रुपये सुटतात आणि नवांच्या प्लेटीवर ९५. गिऱ्हाइकाची बचत आणि दुकानदाराचा वाढावा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खोटी असते ती फक्त भूक.

शंभराला दोन, चार, पाच आणि दहा यांनी भाग जातो. तीन, सहा, सात आणि नऊ यांनी जात नाही. १९५७ च्या एप्रिलपूर्वी रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे १९२ पैंचा होता. त्याला दोन, तीन, चार, सहा आणि आठ यांनी निःशेष भाग जाई, म्हणून 'आण्याला दोन', 'आण्याला चार' अशा विक्रीत हिशोब स्वच्छ राही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असलेल्या जुन्या मुनिमाला नवांची प्लेट दाखविली असती, तर त्याने आधी एका नगाचा भाव विचारला असता. आता हिशोबाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरी तो प्रश्न विचारला जात नाही.

पश्चिमेकडील एका मोठ्या साखळीच्या तळलेल्या तुकड्यांचे डबे एके काळी ६, ९ आणि २० नगांचे असत. पदार्थ सामिष, त्यामुळे जैन घराशी त्याचा संबंध नाही. पण गणितज्ञांना त्या डब्यांत एक सुंदर प्रश्न सापडला. हे तीनच डबे कसेही मिळविले तरी नेमके किती नग विकत घेताच येत नाहीत? अशा संख्यांतील सर्वांत मोठी संख्या ४३. चव्वेचाळीस घेता येतात, पंचेचाळीस घेता येतात, त्यापुढील प्रत्येक संख्या घेता येते. त्रेचाळीस मात्र कोणत्याही उपायाने मिळत नाहीत. त्रेचाळीस नग कोणाला हवे असतात, असे कोणी म्हणेल. पण चार, पाच, सात, आठ, दहा आणि अकराही त्या डब्यांतून मिळत नाहीत, आणि घरोघरी लागतात त्या याच संख्या.

या सगळ्यावरून प्रत्येक विषम संख्येमागे कारस्थानच असते असे मानणे अन्यायाचे होईल. पिझ्झाचे तुकडे चार किंवा आठ असतात, इडलीची प्लेट बहुधा दोनांची असते. गोल ताटलीत चार नग ठेवले की मधली जागा उघडी पडते आणि पाचवा मध्ये बसविला की ताटली भरल्यासारखी दिसते, हे कोणताही आचारी सांगेल. काही आडवळणाचे आकडे तर केवळ इतिहासातून येतात. यवतमाळचा कापूस ज्या बाजारात जातो तेथे रुईचा भाव अजून खंडीवर बोलला जातो आणि ही खंडी भरते ३५५.६२ किलोची. कोणी गिऱ्हाइकाला गोंधळविण्यासाठी हा आकडा काढलेला नाही; इंग्रजी अमदानीतील ७८४ पौंडांची खंडी मेट्रिक मापात मांडली की तो आपोआप येतो.

विषम संख्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी वापरल्याचेही जुने उदाहरण आहे. एक मण म्हणजे चाळीस शेर. चाळीस शेरांचा दगड फुटून त्याचे चार तुकडे झाले आणि त्या चार तुकड्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंतचे प्रत्येक वजन तोलता आले, तर ते तुकडे किती किती शेरांचे? हे कोडे पूर्वी पेढीवरच्या मुलांना घालीत. उत्तर आहे १, ३, ९ आणि २७. चारही विषम. दोन शेर तोलायचे तर एका पारड्यात तीनाचे वजन आणि दुसऱ्यात मालाबरोबर एकाचे; पाच तोलायचे तर एकीकडे नऊ आणि मालाच्या बाजूला तीन व एक. चार दगडांत चाळीस गिऱ्हाइके, ज्याला जेवढे हवे तेवढे. येथे विषम संख्येमुळे मागेल ते माप देता येते. पाच नगांच्या बांधील प्लेटीत तीच संख्या मागेल ते माप नाकारण्याच्या कामी लावलेली आहे.

धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत मराठी मुलखात होती. लग्नात अकरा, एकवीस, एक्कावन्न किंवा एकशे एक रुपये देतात. तो वरचा रुपया बरोबरीचा हिशोब मिटू देत नाही आणि देण्याघेण्याचे नाते पुढे चालू ठेवतो. पाणीपुरीवाला सहा पुऱ्या झाल्यावर एक सुकी पुरी हातावर ठेवतो. ती सातवी पुरी पाटीवर लिहिलेली नसते आणि तिचे पैसेही कोणी मागत नाही. येथे वरचा एक गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. पाचांच्या प्लेटीतील वरच्या एकाचे पैसे आधीच घेतलेले असतात.

मॅकडोनाल्ड्सची भारतातील पहिली दुकाने १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारात आणि मुंबईच्या वांद्र्यात उघडली. डॉमिनोजही त्याच वर्षी दिल्लीत आले. या साखळ्यांबरोबर 'मील' ही कल्पना रुळली: बर्गर, तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि थंड पेय. तीन वस्तू, एक किंमत. यांतील थंड पेयावर विक्रेत्याचा खर्च सर्वांत कमी असतो, म्हणून ते जोडीला दिले की एकूण नफा वाढतो. जैन कुटुंबाची अडचण आणखी वेगळी आहे. कांदा-लसूण वगळून 'जैन' पदार्थ देण्याची सोय पुष्कळ ठिकाणी झाली असली, तरी बटाटा अनंतकायच राहतो, आणि शाकाहारी 'मील'ची बरीच मदार बटाट्यावरच असते. कंदमूळ न खाणाऱ्याने तीन वस्तूंचे पैसे द्यायचे आणि त्यांतील एक, कधी कधी दोन, बाजूला सारायच्या. त्या बाजूला सारलेल्या फोडी बहुधा मुलांच्या हाती जातात. घरात जो नियम वर्षानुवर्षे पाळला, तो 'पैसे दिलेच आहेत' या एका वाक्याने तेथे मोडतो.

कायद्याने वेष्टनातील मालाची या बाबतीत काही व्यवस्था लावली आहे. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनाच्याच वेष्टनांत विकण्याचे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी दर ग्रॅमला, दर मिलिलिटरला किंवा दर नगाला किती पडतात ते छापणे आवश्यक केले. किराणा व्यापाऱ्यांना हा नियम परिचयाचा आहे; वेष्टन कितीही आडनिड्या वजनाचे असो, त्यावरून दोन मालांची तुलना करता येते. समोर तळून ताटलीत वाढलेल्या पदार्थाला तो लागू नाही. तेथे एका नगाचा भाव गिऱ्हाइकानेच काढायचा.

आता त्या उरलेल्या पाचव्या नगाकडे वळावे, कारण जैन घरात त्याचा प्रश्न पैशांपाशी संपत नाही. त्याचे करायचे काय? टाकणे शक्य नाही. ताटात अन्न सोडू नये आणि जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी प्यावे, हा संस्कार आजही अनेक घरांत जिवंत आहे. उष्ट्या अन्नात ४८ मिनिटांत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते ही त्यामागील शिकवण मुलांना पाठशाळेतच मिळते. एका ताटलीत चौघांचे हात गेले, चटणीत बुडविलेले तुकडे तिच्यावर टेकले, की उरलेला नगही निर्दोष राहिला असे म्हणता येत नाही. बांधून घरी न्यावा, तर चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर तो चालत नाही, आणि रात्रभर राहिला की शिळा म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ज्य होतो. एक वाट उरते: कोणीतरी तो खाऊन टाकायचा. बहुतेक घरांत ते काम आईकडे येते. तिची भूक केव्हाच भागलेली असते.

येथे दोन चांगल्या सवयी एकमेकींसमोर उभ्या राहतात. अन्न उष्टे टाकू नये ही एक. पोटाला तड लागेपर्यंत खाऊ नये ही दुसरी. सहा बाह्य तपांत उपवासानंतर लगेच ऊनोदरीचे स्थान आहे. दिगंबर परंपरा तिला अवमौदर्य म्हणते. उपवास सर्वांना झेपत नाही. ऊनोदरी मात्र कोणालाही रोज करता येते. शास्त्रकारांनी तिचे मापही ठरवून दिले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवलांचा आणि स्त्रीचा २८ कवलांचा मानला आहे. आठ कवल घेणारा अल्पाहारी, सोळा घेणारा अर्ध्या आहाराचा, आणि ३१ कवलांवर थांबणाऱ्यालाही किंचित ऊनोदरी घडते. म्हणजे एका कवलाचीही तेथे नोंद आहे. घरच्या ताटात हे सहज साधते, कारण वाढणारा हात थांबविता येतो. मारवाडी पंगतीत मनवार कितीही झाली, तरी पानावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो. बांधील प्लेटीवर आडवा हात धरता येत नाही. तिचे माप काउंटरवर आधीच ठरलेले असते, आणि मग उष्टे न टाकण्याचा संस्कारच माणसाला बत्तिसाव्या आणि तेहेतिसाव्या कवलापर्यंत ओढून नेतो. विक्रेत्याने हे जैन घर डोळ्यांसमोर ठेवून केलेले नसते. परिणाम मात्र त्याच घरात सर्वांत अधिक होतो, कारण इतर कोणी तो नग निःशंकपणे सोडून उठतो.

यावर उपाय मागविण्याच्या वेळीच करता येतो, खाण्याच्या वेळी नाही. चौदा नियम धारण करणारे श्रावक रोज सकाळी त्या दिवशी किती द्रव्ये घ्यायची याची मर्यादा ठरवितात. हॉटेलात तेच काम बसण्याआधी, माणसे मोजून आणि 'सुटा नग केवढ्याला?' हे विचारून होते. व्यापारी घराण्यातील माणसाला हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटण्याचे खरे तर कारण नाही. दुकानात तो दिवसभर तोच प्रश्न ऐकत असतो. पण मुलांबरोबर बाहेर गेल्यावर भाव विचारणे कमीपणाचे वाटते, आणि ज्या माणसाने सकाळी पोत्यामागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली, तोच संध्याकाळी पाटीवरचा मोठा आकडा बोटाने दाखवून मोकळा होतो. अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत 'उपभोगपरिभोगानर्थक्य' सांगितले आहे: गरजेपेक्षा अधिक भोगसामग्री गोळा करणे. ते वाचताना डोळ्यांसमोर येतात दागिने, वस्त्रे, वाहने. नऊ नगांचा डबा येत नाही.

काउंटरच्या दुसऱ्या बाजूलाही आता जैन कुटुंबे आहेत. वडिलांची किराणा पेढी असलेल्या तरुणाने स्नॅक्सचे दुकान काढावे किंवा एखाद्या साखळीची फ्रँचायझी घ्यावी, हे जिल्ह्याच्या गावांत नवे राहिलेले नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न अधिक बारीक आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' येते: देताना कमी मापाने देणे, घेताना अधिक मापाने घेणे. पाच नगांची प्लेट या अतिचारात बसत नाही. पाच सांगितले, पाच दिले, किंमत उघड लिहिली. माप खरे आहे. पण माप खरे असूनही गिऱ्हाइकाला हवे तेवढे घेता येऊ नये अशी रचना मुद्दाम केली, तर त्या अतिचाराचा शब्द पाळला जातो आणि हेतू बाजूला राहतो. साखळीच्या दुकानात मालकाच्या हाती फारसे नसते, पाटी वरून छापून येते. स्वतःच्या दुकानात मात्र पाटी स्वतःचीच असते.

त्या पाटीवर पाच नगांच्या किमतीखाली 'सुटा नग २० रुपये' एवढी एक ओळ वाढविली, तर काय होईल, याचा हिशोब वरच्याच आकड्यांनी मांडता येतो. चौघांचे कुटुंब दुसरी प्लेट घेणार असेल, तर तिच्यावरचे ५९ रुपये जातील. हे नुकसान खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक कुटुंब दुसरी प्लेट घेत नाही. एकच घेणारे कुटुंब चार सुटे नग घेईल, ८० रुपये देईल, आणि २४ रुपयांचा माल वजा जाता दुकानदाराला ५६ रुपये सुटतील. पाचांच्या प्लेटीवर ५९ सुटले असते. फरक तीन रुपयांचा.